बाईंची मस्टँग

शिकागोतल्या एका फोर्ड विक्रेत्याकडे १५ एप्रिल १९६४ रोजी बावीस वर्षांची एक मुलगी गाडी बघायला गेली. तिला नुकतीच शिक्षिकेची नोकरी लागली होती, तिसरीचा वर्ग मिळाला होता, आणि गाडी घ्यायची तर टप उघडणारीच घ्यायची हे तिच्या मनात पक्कं होतं. पुढच्या दालनात तशी एकही गाडी नव्हती. विक्रेता तिला मागच्या खोलीत घेऊन गेला आणि कापडाखाली झाकलेली फिकट निळ्या रंगाची एक गाडी त्याने उघडून दाखवली. ती अजून बाजारात जाहीरही झाली नव्हती. मुलीने चालवून न बघताच ती घेतली. दोन दिवसांनी, १७ एप्रिलला, न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्डने ती गाडी जगापुढे आणली. तिचं नाव मस्टँग. मुलीचा पगार वर्षाला पाच हजार डॉलर होता आणि गाडीचे तिने साधारण ३,४५० डॉलर मोजले. म्हणजे आठ महिन्यांचा पगार.

ही गोष्ट सोयगावात सांगायची तर त्या मुलीला 'बाई' म्हणावं लागेल. शाळेत शिकवणारी ती बाई, मग ती बावीस वर्षांची का असेना. आणि तिच्या पगाराचा तो हिशेब हाच मस्टँगचा खरा पाया आहे. गेल्या साठ वर्षांत या गाडीचं रूप सहा वेळा पालटलं. दर वेळी आवाजावर, दिव्यांवर, इंजिनावर जगभर मतं मांडली गेली. पण बाईंच्या पगाराची मोजपट्टी लावून पाहिली की त्या सगळ्या मतांना वजन येतं.

सोयगाव हा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा उत्तरेकडचा तालुका, अजिंठ्याच्या डोंगराखाली खानदेशाला टेकलेला. अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात. फर्दापूरहून तिकडे जावं लागतं. जिल्ह्याचं ठिकाण घाटावर, आणि रोजचे व्यवहार मात्र बरेचसे घाटाखाली, शेंदुर्णी, पाचोरा, जळगावकडे. म्हणून इथल्या रस्त्यांवर एमएच २० आणि एमएच १९ अशा दोन्ही पाट्या सारख्याच दिसतात. दिवाळीच्या दिवसांत कापसाची वेचणी चालू असते. कापूस भरून फुगलेले टेम्पो गावातून जातात तेव्हा त्यांच्या मागच्या फाळक्यावर हमखास एक पळता घोडा रंगवलेला असतो, आयाळ मागे उडालेली, चारही पाय हवेत. मस्टँगच्या तोंडावरच्या जाळीतही असाच एक घोडा पळतो. एका चित्रकाराला दुसऱ्याची खबर असण्याचं कारण नाही, पण पोराटोरांना आता दोन्ही घोडे माहीत आहेत. मोबाइलने ते काम केलंय.

गॅरेजवर, चहाच्या टपरीवर, नवी गाडी कुठलीही असो, तीन प्रश्न ठरलेले. किती देते? खाली किती आहे? हप्ता किती बसतो? पहिला ॲव्हरेजचा, दुसरा गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे त्याचा, तिसरा घराचा. मोटारींच्या मासिकांतले समीक्षक पानंच्या पानं लिहितात, तरी या तीन प्रश्नांच्या फारसे पुढे जात नाहीत.

मस्टँग हा शब्द मूळ स्पॅनिश. मालक नसलेलं, मोकाट सुटलेलं जनावर असा त्याचा अर्थ. अमेरिकेच्या माळरानावरच्या रानघोड्यांना तो चिकटला. घोड्याविषयी मत देणं ही आपल्याकडेही जुनी विद्या आहे. सोयगावाहून पश्चिमेला, नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे जाणकार माणूस आधी घोड्याभोवती एक फेरी मारतो. पंचकल्याणी आहे का, गळ्याला देवमण आहे का, कान कसे मिटतात, चाल कशी टाकतो, हे सगळं बघून झाल्यावर तो किमतीचं बोलतो. मस्टँगवर जगभर जी चर्चा होते तिचा बाज नेमका हाच आहे. लांब नाक, आखूड मागचा भाग, मागच्या दिव्यांच्या तीन उभ्या पट्ट्या, दाराच्या मागे बाजूला पडलेली खोबण. या खुणा जागेवर आहेत ना, हे आधी बघितलं जातं. एखादी खूण हलली की जुने चाहते बिथरतात.

पहिली मस्टँग स्वस्त कशी झाली, हे इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. फोर्डकडे फाल्कन नावाची एक साधी, घरगुती गाडी होती. फोर्डचे अधिकारी ली आयकोका यांच्या हाताखालच्या मंडळींनी तिचाच सांगाडा, तिचीच इंजिनं, तिचेच बरेच सुटे भाग घेतले आणि वर नवं, देखणं अंग चढवलं. इटलीहून आलेल्या स्थलांतरितांचा हा मुलगा विक्री खात्यातून वर चढलेला होता आणि तरुण गिऱ्हाइकाच्या खिशात किती पैसे असतात हे त्याला ठाऊक होतं. सुरुवातीची किंमत ठेवली २,३६८ डॉलर. त्या पैशात मिळायचं ते सहा सिलिंडरचं साधं इंजिन. मोठं इंजिन, चांगला गिअरबॉक्स, रेडिओ, पांढऱ्या पट्ट्याचे टायर ज्याला हवे त्याने जादा पैसे देऊन लावून घ्यायचे. पहिल्याच दिवशी २२ हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली, वर्षभरात चार लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या आणि दोन वर्षांच्या आत दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. एकट्या १९६६ साली ६,०७,५६८ मस्टँग तयार झाल्या.

दिसायला धावपट्टीवरची आणि पोटात घरगुती, अशी ही रचना होती. काहींनी तेव्हाही नाक मुरडलं की ही खरी स्पोर्ट्स कार नव्हे. शिकागोच्या बाईंना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

पुढच्या प्रत्येक बदलाला मतांचा डोंब उसळला. सप्टेंबर १९७३ मध्ये मस्टँग टू आली, पिंटो या छोट्या गाडीच्या सांगाड्यावरची. आधीच्या गाड्या फुगत चालल्या होत्या, ही आटोपशीर होती. पहिल्या वर्षी तिला आठ सिलिंडरचं इंजिनच दिलं नव्हतं, आणि चाहते आजही तिचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. पण महिनाभरातच अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि त्या पहिल्या वर्षात ३,८५,९९३ गाड्या खपल्या. लोकांचं बोलणं एक आणि खरेदी दुसरी, असं मोटारींच्या बाबतीत पुष्कळदा होतं.

त्याहून मोठा प्रसंग १९८७ चा. फोर्डने जपानच्या माझदा कंपनीबरोबर पुढची चाकं ओढणारी एक नवी गाडी तयार केली आणि तिलाच पुढची मस्टँग म्हणायचं घाटत होतं. बातमी फुटली. वाचकांनी आणि मालकांनी पत्रांचा असा पाऊस पाडला की कंपनीला बेत बदलावा लागला. ती गाडी प्रोब नावाने विकली गेली. जुन्या धाटणीच्या मस्टँगला जीवदान मिळालं. प्रोब जिथे बनत होती तो मिशिगनमधला फ्लॅट रॉकचा कारखाना. आज मस्टँग त्याच कारखान्यात तयार होते. सामान्य गिऱ्हाइकाने पोस्टाचं तिकीट लावून एका मोटारीचं भवितव्य फिरवल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं क्वचित सापडेल.

५ डिसेंबर २०१३ रोजी फोर्डने सहाव्या पिढीची मस्टँग एकाच दिवशी जगातल्या सहा शहरांत दाखवली. शांघाय आणि सिडनी ही त्यातली दोन. त्यातच पुढची दिशा दिसत होती, कारण ही मस्टँग पहिल्यांदाच कारखान्यातून उजव्या हाताच्या स्टिअरिंगसह निघणार होती. पन्नास वर्षं जी गाडी भारतात सिनेमात किंवा एखाद्या हौशी संग्राहकाकडे दिसायची ती आता रीतसर येऊ शकत होती.

अमेरिकेत मात्र स्टिअरिंगपेक्षा मागच्या चाकांची चर्चा जास्त झाली. तोवर बहुतेक सगळ्या मस्टँगना मागे एकच सरळ आख असायचा, बैलगाडीला असतो तसा. गाडीवाटेने चाललेल्या बैलगाडीचं एक चाक चाकोरीतून उचललं गेलं की दुसरीकडचंही तिरकं होतं आणि सगळी साटी कलते. वळणावर खड्डा आला की मस्टँगचंही तेच व्हायचं. नव्या गाडीत मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्रपणे वरखाली होण्याची सोय दिली. युरोपच्या गाड्यांना ही सोय कित्येक वर्षं होती. गंमत अशी की सरळ रेषेत पाव मैलाची शर्यत लावणाऱ्यांना जुनाच आख हवा होता. तो मजबूत, सोपा आणि स्वस्त. वळणं आवडणाऱ्यांनी नव्याचं स्वागत केलं. सोयगावचा माणूस कुठल्या बाजूने बोलेल हे सांगायला नको. उंडणगावकडून हळद्याचा घाट उतरून, वेताळवाडीच्या किल्ल्याच्या तटाला वळसा घालून जो रस्ता खाली येतो, त्या रस्त्यावर दोन वळणांच्या मध्ये सरळ रेषा शोधावी लागते.

दुसरा वाद इंजिनाचा. २.३ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन ३१० अश्वशक्ती देत होतं. पाच लिटरचं आठ सिलिंडरचं ४३५. लहान इंजिन जोरकस, हलकं, कमी पिणारं. तरीही चाहत्यांचा जीव आठ सिलिंडरमध्ये अडकलेला, आणि त्याचं मूळ कानात आहे. या इंजिनात चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा असतात. क्रँकशाफ्टची घडण अशी की एका रांगेतले दोन सिलिंडर मध्येच लागोपाठ पेटतात आणि मग जरा खंड पडतो. धूर बाहेर येतो तो या अडखळत्या लयीत. म्हणून उभ्या गाडीचा आवाज सलग येत नाही, गुरगुरत येतो. ज्याने जुन्या बुलेटचे ठोके कान देऊन ऐकलेत त्याला हे समजावून द्यावं लागत नाही. तिथे एकच सिलिंडर असतो, पण माणूस ऐकतो ते दोन ठोक्यांमधलं अंतरच. चार सिलिंडरच्या मस्टँगमध्ये तो रांगडेपणा नाही, म्हणून कंपनीने आतल्या स्पीकरमधून इंजिनाच्या आवाजाला भर घातली. ते अनेकांना खटकलं, आणि खटकणं रास्त होतं. गाण्यात तंबोरा पेटीतून सोडला तर चालतो, गळा चालत नाही.

ही गाडी भारतात आली पुण्याच्या वाटेने. परदेशी गाडी देशात विकायची तर तिला आपल्या नियमांनुसार प्रमाणपत्र लागतं, आणि मस्टँगची ती चाचणी पुण्यात एआरएआयकडे झाली. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं आवार वेताळ टेकडीवर आहे. पुणेकर त्या बाजूला एआरएआय टेकडीच म्हणतात. एक वेताळ पुण्याचा, एक सोयगावचा. मस्टँगने पहिल्याच्या पायाशी हजेरी लावली, दुसऱ्याच्या मुलखातल्या रस्त्यांवर ती आली असती तर काय झालं असतं हे पुढे येईलच.

जानेवारी २०१६ मध्ये दिल्लीत गाडी दाखवली गेली आणि जुलैमध्ये किंमत जाहीर झाली. दिल्लीतली शोरूमची किंमत ६५ लाख रुपये. अमेरिकेत त्याच सुमाराला आठ सिलिंडरची साधी जीटी ३२-३३ हजार डॉलरला मिळत होती, तेव्हाच्या दराने साधारण २२ लाखांना. भारतात येईपर्यंत किंमत तिप्पट झाली होती.

ती का झाली, हे कळण्यासाठी सीमाशुल्काचं तेव्हाचं कलम बघावं लागतं. परदेशात पूर्ण तयार होऊन आलेली गाडी भाडं-विम्यासह ४० हजार डॉलरच्या वर असेल, किंवा तिचं पेट्रोल इंजिन ३,००० सीसीपेक्षा मोठं असेल, तर मूळ सीमाशुल्क १०० टक्के. दोन्ही अटींच्या खाली असेल तर ६० टक्के. जीटी किमतीच्या अटीत बसली असती, पण पाच हजार सीसीच्या इंजिनाने तिला सरळ शंभराच्या गटात ढकललं. त्यावर बाकीचे कर, जहाजाचं भाडं, विक्रेत्याचा वाटा. राज्याचा एकरकमी रस्ता कर तर शोरूमच्या किमतीहून वेगळा. आता बघा: २.३ लिटरची चार सिलिंडरची मस्टँग इंजिनाच्या अटीखाली राहिली असती, किमतीच्याही. ती आणली असती तर आकडा बराच खाली आला असता. फोर्डने भारतात फक्त आठ सिलिंडरची, फक्त ऑटोमॅटिक गिअरची गाडी आणली, इथल्या पेट्रोलसाठी जुळवून घेतलेली, ४०१ पीएस ताकदीची. थोडक्या श्रीमंतांना आवाजासकट दंतकथा विकायची, हा त्यामागचा विचार धंद्याच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे. पण मस्टँगचा आत्मा ज्या आवाक्यातल्या किमतीत होता, ती बंदरावरच उतरवून ठेवली गेली.

मराठी वाचकांसाठी बाईंचा हिशेब इथे मांडलाच पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने लागलेली शिक्षिका पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक असते. २०१६ साली प्राथमिक शिक्षणसेवकाला महिन्याला सहा हजार रुपये मानधन होतं. पासष्ट लाखांना सहा हजारांनी भागलं की १,०८३ महिने येतात. नव्वद वर्षं. शिकागोच्या शिक्षिकेला आठ महिने, सोयगावच्या शिक्षिकेला नव्वद वर्षं, आणि तेही पोटाला काही न खाता. २०२३ मध्ये मानधन सोळा हजार झालं, तरी त्याच किमतीला ३४ वर्षं लागतात. शेतकऱ्याच्या बाजूने बघायचं तर २०१६-१७ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४,१६० रुपये होता. पासष्ट लाखांसाठी १,५६२ क्विंटल कापूस वेचावा लागला असता.

म्हणून भारतातल्या मोटार समीक्षकांनी तेव्हा जे लिहिलं ते एका वेगळ्याच गाडीवर होतं. त्यांची तुलना ऑडी टीटीशी, पोर्शेशी झाली. त्या रांगेत बसवल्यावर आतलं प्लॅस्टिक हलकं वाटलं, शिलाई साधी वाटली. ते खरंच होतं. पण बावीस लाखांच्या गाडीला पासष्ट लाखांच्या पंगतीत बसवल्यावर ताटातलं उणं दिसणारच. एका बाबतीत मात्र टीका कमी पडली असं वाटतं. जानेवारी २०१७ मध्ये युरोपच्या एनकॅप सुरक्षा चाचणीत या मस्टँगला पाचपैकी दोन तारे मिळाले. पुढच्या एअरबॅगमध्ये पुरेसा दाब भरला नाही, मागच्या सीटच्या पट्ट्यांना ताण देणारी यंत्रणा नव्हती. सुधारलेल्या गाडीला त्याच वर्षी तीन तारे मिळाले. वेगासाठीच घेतल्या जाणाऱ्या गाडीत हे उणं अक्षम्य आहे.

आता टपरीवरचे तीन प्रश्न. किती देते? अमेरिकी सरकारच्या चाचणीत आठ सिलिंडरच्या ऑटोमॅटिक गाडीचा आकडा गॅलनला १९ मैल, म्हणजे लिटरला आठ किलोमीटर. खाली किती? १३७ मिलिमीटर. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे कागदावर मस्टँगच्या पोटाखाली पावणेचार सेंटिमीटर शिल्लक राहतात. पण पुढच्या आणि मागच्या चाकांत २.७२ मीटर अंतर आहे. गतिरोधक अरुंद आणि टोकदार असला की पुढची चाकं उतरताना पोट नेमकं शेंड्यावर येतं. गावाच्या वेशीवर रात्रीतून घातलेल्या डांबराच्या उंचवट्याला रस्ते काँग्रेस माहीत नसते. संभाजीनगर-अजिंठा-जळगाव रस्त्याचं काम वर्षानुवर्षं रखडलं तेव्हा या भागातल्या लोकांनी पाठीच्या मणक्यांनी जे सोसलं ते आठवलं, की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गाडीवर कमी आणि रस्त्यावर जास्त अवलंबून आहे हे कळतं.

तिसरा प्रश्न मस्टँगबाबत कोणी विचारलाच नाही.

हप्त्याचा प्रश्न जिल्ह्याला परका आहे असं मात्र नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, दीडशे ग्राहकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींचा व्यवहार, आणि स्टेट बँकेने त्याला कर्ज दिलं. देशभर त्याची बातमी झाली. गावाने एकदम भाव पाडून घेतला याचं कौतुक झालं. त्याच शहराजवळ शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात, आणि वेगाची आवड असलेल्या मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट तिथे घडली: २००४ साली आलेली ऑक्टाव्हिया आरएस. टर्बो पेट्रोल इंजिन, दीडशे अश्वशक्ती, आणि दिसायला चार दारांची कुटुंबाची गाडी. घरगुती सांगाड्यावर जोरदार इंजिन हे सूत्र १९६४ च्या मस्टँगचंच. २०१७ मध्ये २३० पीएसची आरएस शेंद्र्यातूनच निघाली, किंमत साधारण साडेचोवीस लाख. २०२० ची आरएस मात्र पूर्ण आयात होऊन आली आणि जवळजवळ छत्तीस लाखांवर गेली. गाडी कुठे जोडली जाते यावर ती कोणाच्या आवाक्यात राहते हे ठरतं. शेंद्र्याच्या कामगाराला हा धडा अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकायला लागत नाही.

फोर्डचं आणि महाराष्ट्राचं नातंही जुनं आहे. १९२६ मध्ये फोर्डची भारतीय कंपनी मुंबईत सुरू झाली होती. सत्तर वर्षांनी, महिंद्रांबरोबरच्या भागीदारीत, फोर्डची एस्कॉर्ट नाशिकला जोडली गेली. पुढे कारखाने चेन्नई आणि साणंदला गेले, आणि ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डने भारतातलं मोटार उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. मस्टँग त्याआधीच, २०२० च्या नव्या प्रदूषण नियमांबरोबर, इथल्या शोरूममधून गेली होती.

अमेरिकेत मात्र तिचं नवं रूप आलं. सातवी पिढी १४ सप्टेंबर २०२२ रोजी डेट्रॉइटमध्ये दाखवली गेली. आठ सिलिंडरचं इंजिन टिकलं, ४८० अश्वशक्तीचं झालं, आणि त्याला हाताने टाकायचा गिअरही राहिला. ही बातमी चाहत्यांनी सणासारखी साजरी केली, कारण शेजारची घरं ओस पडत होती: डॉजची चॅलेंजर आणि शेवरलेची कॅमॅरो, दोन्ही २०२३ च्या अखेरीस थांबल्या. फोर्डने तर २०१८ सालीच अमेरिकेतल्या सेडान गाड्या बंद करायचं ठरवलं होतं. जुन्या तिकडीतली मस्टँगच तेवढी अजून उभी आहे.

नव्या रूपावरची मतं मात्र दुभंगली. चालकासमोरची गोल मीटरं गेली आणि १२.४ इंची पडदा आला, शेजारी १३.२ इंची दुसरा. पडद्यावर १९८७ ते ९३ च्या गाडीतली हिरवट मीटरं हुबेहूब उमटवता येतात, त्याने चाळिशीतले मालक हळवे झाले. पण एसीची बटणं पडद्यात गेल्याने गाडी चालवताना बोट शोधत फिरवावं लागतं, ही तक्रार खरी आहे. गाडीपासून दूर उभं राहून किल्लीचं बटण दाबून इंजिन गर्जवता येतं, ही सोय केवळ रस्त्यावरच्या माणसाला दचकवण्यासाठी आहे. ती नसती तर गाडीचं काही बिघडलं नसतं. सगळ्यात जास्त बोचणारा बदल खालच्या टोकाला झाला: स्वस्तातल्या चार सिलिंडरच्या गाडीला आता हाताचा गिअर मिळत नाही. ज्याला गिअर टाकत गाडी चालवायला शिकायचंय, अशा कमी पैशाच्या तरुण गिऱ्हाइकालाच तो नाकारला गेला.

किमतीचं काय? २,३६८ डॉलरला महागाई धरली तर २०२४ मध्ये साधारण २४ हजार होतात. २०२४ ची सगळ्यात स्वस्त मस्टँग ३०,९२० डॉलरला आली. अमेरिकेत २०२३-२४ मध्ये नव्या शिक्षकाचा सरासरी पगार वर्षाला ४६,५२६ डॉलर होता. म्हणजे सगळ्यात साध्या मस्टँगसाठी २०२४ मध्ये आठ महिन्यांचा पगार लागत होता. शिकागोच्या बाईंनी आठ महिन्यांच्या पगारात मोठं इंजिन आणि उघडणारा टप घेतला होता. साधी गाडी तेव्हा सहा महिन्यांच्या आत बसत होती. घसरण आहे, पण दोर तुटलेला नाही. एअरबॅग, ब्रेक, स्वच्छ धूर हे सगळं त्या जादा दोन महिन्यांत आलंय, हेही प्रामाणिकपणे मोजलं पाहिजे. २०२४ साली अमेरिकेत ४४,००३ मस्टँग विकल्या गेल्या. त्याच नावाची विजेवरची चार दारांची माक-ई तिच्याहून जास्त, ५१,७४५ खपली. नावाने वाद घातला, नावानेच विक्री केली.

सोयगावात खरी अमेरिकी गाडी आली ती वेगळ्याच वाटेने, आणि कितीतरी आधी. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपचे भाग आणून जोडायला सुरुवात केली. त्या जीपची पोरं आणि नातवंडं पुढे मराठवाडा-खानदेशाच्या प्रत्येक कच्च्या रस्त्यावर चालली. काळीपिवळीत मागे समोरासमोरच्या बाकांवर बारा-चौदा माणसं, टपावर कोंबड्यांची टोपली, फाळक्यावर लटकलेली दोन पोरं; ज्या वाटेला एसटी दिवसातून एकदा जायची त्या वाटेला जीप तासातासाला जायची. स्वस्त, दणकट, गावात दुरुस्त होणारी. फाल्कनवर मस्टँग बेतणाऱ्यांना ती लगेच कळली असती.

आणि त्या जीपच्या वंशातच आजची सोयगावची मस्टँग आहे, असं म्हणायला हरकत नाही. २ ऑक्टोबर २०२० रोजी नाशिकच्या कारखान्यातली नवी थार बाजारात आली. दोन दारं, हवा तर उघडणारा टप, आणि सुरुवातीची किंमत ९ लाख ८० हजार. मागची सीट अडचणीची, सामानाला जागा नाही, कुटुंबाला सोयीची गाडी नव्हेच. तरीही तरुणांनी रांगा लावल्या. त्यांनी तिच्यात जे पाहिलं ते १९६४ मध्ये अमेरिकी तरुणांनी मस्टँगमध्ये पाहिलं होतं: ही गाडी कामाची नाही, माझी आहे. सोळा हजारांच्या मानधनात तिचेही ६१ महिने होतात, पाच वर्षांहून जास्त. आठ महिन्यांपासून हे अंतर अजून फार लांब आहे. पण शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपून वेतनश्रेणी लागली, घरात दुसरा पगार असला, तर गॅरेजवरचा तिसरा प्रश्न विचारता येतो आणि त्याला उत्तरही मिळतं.

शिकागोच्या बाईंची निळी गाडी पुढे बिघडली आणि घराच्या गॅरेजात सत्तावीस वर्षं पडून राहिली. त्यांच्या नवऱ्याने निवृत्त झाल्यावर ती पूर्ण खोलली, गंज काढला, इंजिन बांधलं, तोच फिकट निळा रंग दिला. हे जमलं, कारण तिच्यातले बरेच भाग साध्या फाल्कनच्या घराण्यातले होते आणि अजूनही मिळत होते. सोयगाव-शेंदुर्णीच्या पट्ट्यात बोनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या जीपशेजारी मिस्त्री बसलेला दिसतो, तेव्हा त्याचंही काम याच भरवशावर चाललेलं असतं. त्याच्या पत्र्याच्या डब्यात रॉकेलमध्ये नटबोल्ट भिजत पडलेले असतात, आणि त्यातला एखादा तीन गाड्यांना चालतो हे त्याला न बघता माहीत असतं.